येणे सोडताना

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या सत्रात केलेले भाषण)



संयोजकांनी फोन केला तेव्हा त्यांना वाटले होते की मी संगणकावर बोलेन. कृत्रिम बुद्धिमत्ता, मुलांचे करिअर, मोबाइलचे व्यसन, असे काहीतरी. त्या विषयांवर बोलणारे आपल्या बॅचमध्ये माझ्यापेक्षा बरे लोक आहेत. मी त्यांना म्हटले, मला मनातल्या अढीबद्दल बोलू द्या. आपण सगळे आता पंचेचाळिशीच्या आगेमागे आहोत. रक्तदाब, साखर, गुडघे यांची विचारपूस काल दिवसभर झाली. पण प्रत्येकाच्या आत एक जुना सल असतो आणि त्याची विचारपूस कुणी करत नाही. कुणाला भावाने वाटणीत फसवलेले असते, कुणाला सासरी वीस वर्षे टोमणे मिळालेले असतात, कुणाच्या जातीवरून वर्गात सगळ्यांसमोर कुणी काही बोललेले असते. ते बोलणारा केव्हाच विसरलेला असतो. ऐकणारा विसरत नाही.

मी ख्रिस्ती आहे, हे तुम्हाला माहीत आहे. नाताळचा केक तुम्ही माझ्याच घरी खाल्ला आहे. तेव्हा मी बोलणार ते माझ्या विश्वासातून बोलणार. कुणाला काही पटवून द्यायला मी उभी नाही. क्षमेची ओळख आपल्या सगळ्यांच्याच घरांत आहे. आपले जैन मित्र संवत्सरीला ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणतात, आणि संक्रांतीला आपण सगळेच तिळगूळ देऊन गोड बोलायला सांगतो. मी फक्त माझ्या घरची वाट सांगते.

आधी गोष्ट काय होती ते सांगायला हवे, नाहीतर पुढचे सारे हवेत राहील.

माझे पप्पा एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. १९९७ साली त्यांनी एका मित्रासाठी पतसंस्थेत जामीन म्हणून सही केली. कर्ज ८० हजारांचे होते. हे काका आमच्याच मंडळीतले. रविवारी उपासनेत पेटीवर बसायचे, आवाज असा की मागच्या बाकावरची पोरेसुद्धा गप्प व्हायची. मला सायकल त्यांनी शिकवली होती. वर्षभरात ते गाव सोडून गेले आणि वसुली पप्पांच्या पगारातून सुरू झाली. महिन्याला १,४०० रुपये, १०८ हप्ते. ९ वर्षे. तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. आईच्या पाटल्या माझ्या फीसाठी गेल्या. पप्पा ड्यूटी संपली की एका गॅरेजमध्ये रात्री दहापर्यंत काम करायचे. त्यांच्या पाठीचे दुखणे तिथले आहे.

पैशांचे दुःख एक वेळ सोसवते. सोसवत नव्हते ते वेगळेच. ज्या माणसाने मंडळीत देवाची गाणी म्हटली, त्याने हे केले. त्यामुळे ती गाणीच मला कडू झाली. घराबाहेरचा कुणी फसवतो तेव्हा पाकीट जाते. घरातला फसवतो तेव्हा घरच जाते.

आणि पप्पा रोज संध्याकाळच्या कौटुंबिक प्रार्थनेत त्या काकांचे नाव घ्यायचे. त्यांना सांभाळ, त्यांच्या लेकरांना सांभाळ. एकदा मी म्हटले, “पप्पा, यांचं नाव आपल्या घरात घेऊ नका.” ते म्हणाले, “नाव बाहेर काढलं नाही बेटा, तर ते आत कुजतं.” तेव्हा मला तो भाबडेपणा वाटला होता. २०१३ साली पप्पा गेले. त्यानंतर ते वाक्य माझ्यामागे लागले.

आता मी तुम्हाला पायऱ्या सांगते. आपल्या गणिताच्या बाई म्हणायच्या, नुसते उत्तर लिहिले तर शून्य, गुण पायऱ्यांना आहेत. क्षमेच्या बाबतीत आपण नेमके उलट करतो. “जाऊ दे, सोडून दे, माफ करून टाक,” असे उत्तर सगळे सांगतात. पायऱ्या कुणी दाखवत नाही.

पहिली पायरी तक्रारीची. पवित्र शास्त्रात स्तोत्रसंहिता नावाचे पुस्तक आहे, त्यात १५० स्तोत्रे आहेत. बहुतेकांना वाटते ती सगळी स्तुतीची असणार. पण त्यांतली कितीतरी विलापाची आहेत. तेराव्या स्तोत्रात भक्त देवाला सरळ विचारतो की तू मला अजून किती काळ विसरणार आहेस. १०९ व्या स्तोत्रात तर वैऱ्याला असे शाप आहेत की उपासनेत मोठ्याने वाचताना वाचणारा अडखळतो. हे सारे शास्त्रात ठेवले आहे, गाळून टाकलेले नाही. त्याचा अर्थ मी असा घेतला की रागाने बोलणे हीसुद्धा प्रार्थना असू शकते, फक्त ते देवासमोर बोलायचे. म्हणून मी बोलले. घरात कुणी नसताना, दार लावून, आईला ऐकू जाऊ नये असे बरेच काही बोलले. इतकी वर्षे मी ते सगळे स्वतःशीच बोलत होते. ऐकणारा समोर आहे असे समजून बोलले, तेव्हा पहिल्यांदा बोलणे संपले.

दुसरी पायरी हिशेबाची. प्रभू येशूने शिष्यांना शिकवलेली प्रार्थना जगभरचे ख्रिस्ती म्हणतात. तिच्यात क्षमेची ओळ आहे. लूकच्या शुभवर्तमानात तिथे पापांचा शब्द आहे, पण मत्तयाच्या शुभवर्तमानात शब्द आहे ऋणांचा. मूळ ग्रीक शब्दही कर्जाचाच आहे. लहानपणापासून मी ती ओळ म्हणत आले. आमच्या घरात खरोखरचे कर्ज आले आणि ती ओळ घशात अडकायला लागली.

याच मत्तयाच्या अठराव्या अध्यायात एक दृष्टांत आहे. पेत्र विचारतो, भावाला किती वेळा क्षमा करायची, सात वेळा? येशू सात गुणिले सत्तर असे काहीसे उत्तर देतो आणि गोष्ट सांगतो. एका राजाचा चाकर १०,००० तालंतांचा देणेकरी असतो. राजा त्याला सारे सोडतो. तोच चाकर बाहेर पडतो आणि १०० दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो.

मी हे आकडे कागदावर मांडले. सवयच आहे. एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. एक तालंत म्हणजे साधारण ६,००० दिनार. म्हणजे चाकराचे देणे ६ कोटी दिवसांची मजुरी. वर्षाला ३०० दिवस काम धरले, तर २ लाख वर्षे. ते फिटणारे नव्हतेच. पण माझी नजर दुसऱ्या आकड्यावर थांबली. १०० दिनार म्हणजे १०० दिवसांची मजुरी. महिन्याला २५ दिवस काम धरा, चार महिन्यांचा पगार! तुमच्यापैकी कुणाचा चार महिन्यांचा पगार कुणी बुडवला, तर तुम्ही त्याला किरकोळ म्हणाल का? येशूनेही तो किरकोळ म्हटलेला नाही. त्याला एक पैसा म्हणता आला असता. त्याने दुखावले जाण्याइतकी रक्कम सांगितली.

ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. “त्यात काय एवढे” असे म्हणणे म्हणजे क्षमा नाही. जिथे काही गेलेच नाही तिथे सोडायचे काय? म्हणून मी काकांचा हिशेब पूर्ण लिहिला. १०८ हप्ते, १,५१,२०० रुपये. आईच्या पाटल्या. पप्पांची पाठ. माझ्या धाकट्या भावाला बारावीनंतर लगेच नोकरी धरावी लागली, ते. रविवारची गाणी. लिहायला दोन रात्री लागल्या. खाली बेरीज करता येईना, कारण सगळ्या ओळी पैशांच्या नव्हत्या.

तिसरी पायरी सोडण्याची. आपल्या भाषेत यासाठी दोन शब्द आहेत. ‘क्षमा’ हा शब्द ज्या संस्कृत धातूपासून आला त्याचा अर्थ सहन करणे, सोसणे. आणि प्रार्थनेतला दुसरा शब्द आहे ‘सोडणे’. ग्रीकमध्ये जे क्रियापद आहे त्याचा अर्थही सोडून देणे असाच आहे. शिष्य जाळी सोडून येशूमागे गेले, तिथे तेच क्रियापद आहे. सोसणे तर आम्ही ९ वर्षे केलेच होते. सोडणे बाकी होते.

सोडायचे काय? घटना सोडता येत नाही, ती घडलेली आहे. आठवण सोडता येत नाही. सोडायचा तो वसुलीचा हक्क. मी मनातल्या मनात वसुली करतच होते. काकांच्या घरी काही वाईट घडल्याचे कानावर आले की आत एक हप्ता जमा व्हायचा. पण असे कितीही हप्ते आले तरी मुद्दल कमी होत नव्हते. येणेकरी मी होते आणि व्याजही मीच भरत होते, झोपेचे, भुकेचे, उपासनेतल्या आनंदाचे.

त्या वर्षीच्या गुड फ्रायडेला मी नेहमीसारखी चर्चमध्ये गेले. आमच्याकडे त्या दिवशी दुपारी तीन तासांची उपासना असते आणि वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर एकेक मनन होते. पहिला उद्गार क्षमेचा आहे, मारणाऱ्यांना क्षमा कर अशी पित्याला केलेली विनंती. चौथा उद्गार आक्रोशाचा आहे, तू मला का टाकलेस. हे दोन्ही एकाच तोंडून, एकाच दुपारी निघाले आहेत. मला आधी वाटायचे की क्षमा करणाऱ्याचे दुखणे थांबलेले असते. त्या दिवशी कळले की खिळे हातात असतानाच क्षमा केली गेली. दुखणे थांबण्याची वाट पाहायची नसते.

आणि ज्या राजाने २ लाख वर्षांचे देणे सोडले, त्याने ते हवेत सोडले नाही. जो कर्ज सोडतो तो ते स्वतः भरतो. कोणत्याही पतसंस्थेत विचारा, कर्ज बुडते तेव्हा कुणाच्या तरी खिशातून जाते. पप्पांनी ते खिशातून भरले होते. वधस्तंभाचा अर्थ मला माझ्या जामीनदार बापामुळे समजला. दुसऱ्याने घेतले, सही याची, भरले याने. मी तो कागद प्रार्थनेत देवापुढे ठेवला आणि म्हटले, हे येणे आता तुझे. न्याय करायचा तर तू कर, दया करायची तर तू कर. मी वसूल करणार नाही.

चौथी पायरी म्हणजे पुन्हा तेच. तुम्हाला वाटेल तिथे सारे संपले. नाही. पुढच्याच महिन्यात एका लग्नात कुणीतरी काकांचे नाव काढले आणि पोटात तसाच गोळा आला. तेव्हा मला सात गुणिले सत्तर समजले. ४९० वेगवेगळे अपराध असावे लागत नाहीत. एकच अपराध ४९० वेळा आठवतो आणि तितक्या वेळा सोडावा लागतो. फरक इतकाच की हळूहळू दोन आठवणींमधले अंतर वाढत जाते.

आता तीन गोष्टी स्पष्ट बोलते, कारण क्षमेच्या नावाखाली दुखावलेल्या माणसावरच ओझे टाकले जाते, हे मी मंडळीतही पाहिले आहे.

पहिली. क्षमा आणि कायदा यांचे भांडण नाही. २३ जानेवारी १९९९ च्या पहाटे ओडिशातल्या मनोहरपूर गावी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन मुले, १० वर्षांचा फिलिप आणि ६ वर्षांचा टिमोथी, यांना गाडीत जिवंत जाळले. ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचे जाहीर सांगितले. खटला मात्र चालला आणि सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये मुख्य आरोपीची जन्मठेप कायम केली. ग्लॅडिसबाई लगेच देश सोडून गेल्या नाहीत. बारीपदा इथे कुष्ठरोग्यांचे काम त्यांनी पुढे काही वर्षे चालवले आणि २००५ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मनातली सूडाची वही त्यांनी बंद केली, पण न्यायालयाचे काम न्यायालयाला करू दिले.

दुसरी. क्षमा म्हणजे परत त्याच हातात जाणे नव्हे. मारहाण होत असलेल्या मैत्रिणीला “माफ कर आणि नांदायला जा” असे सांगणारा विश्वास माझा नाही. उत्पत्तीच्या पुस्तकातल्या योसेफाने स्वतःला विकणाऱ्या भावांना क्षमा केली, पण आधी त्यांना नीट पारखून घेतले, मगच ओळख दिली. क्षमा एकट्याने करता येते, समेटाला दोघे लागतात. मीही उद्या कुणासाठी जामीन राहणार नाही.

तिसरी. झोप उडाली असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर डॉक्टरकडे जा, समुपदेशकाकडे जा. प्रार्थना आणि औषध यांत निवड करायची नसते. पाय मोडला तर आपण दोन्ही करतोच ना?

क्षमा कुठवर जाऊ शकते याचे एक उदाहरण आपल्या शेजारच्या राज्यातले आहे. राणी मारिया नावाच्या केरळच्या धर्मभगिनी मध्य प्रदेशात देवास जिल्ह्यात गरीब शेतकऱ्यांना सावकारीतून सोडवण्याचे काम करत. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी बसमधून जाताना एका तरुणाने त्यांना भोसकून मारले. त्याला जन्मठेप झाली. राणी मारियांची धाकटी बहीण सेल्मी, तीही धर्मभगिनी, २००२ च्या राखीपौर्णिमेला तुरुंगात गेली आणि तिने त्याला राखी बांधली. पुढे कुटुंबाने त्याच्या सुटकेसाठी संमती दिली आणि २००६ साली तो सुटला. विश्वास ख्रिस्ती आणि राखी आपल्या सगळ्यांची. मला तो धागा फार आपला वाटतो.

एवढे मोठे मन माझे नाही. म्हणून मला लक्ष्मीबाई टिळक जवळच्या वाटतात. १८९५ साली नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. नवरा जिवंत असून सुमारे पाच वर्षे ताटातूट. पुढे त्या स्वतः विचार करून, आपल्या गतीने, १९०० साली ख्रिस्ती झाल्या. ‘स्मृतिचित्रे’ तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी वाचले असेल. त्यात दुःख लपवलेले नाही, टिळकांचे तऱ्हेवाईक वागणेही लपवलेले नाही. सगळे सांगितले आहे आणि तरी पान कडवट होत नाही, उलट हसू येते. बऱ्या झालेल्या मनाची माझ्या मते हीच खूण आहे. गोष्ट पूर्ण सांगता येते आणि सांगताना जीभ कडू होत नाही.

योहानाच्या शुभवर्तमानात पुनरुत्थानानंतरचा प्रसंग आहे. थोमा नावाचा शिष्य विश्वास ठेवायला तयार नसतो. येशू त्याला आपले हात दाखवतो. मरणावर विजय मिळवलेल्या शरीरावरही खिळ्यांचे व्रण होते. देवाला ते पुसता आले नसते का? पुसले नाहीत. त्या व्रणांवरूनच ओळख पटली. माझ्याही मनावरचा व्रण गेलेला नाही, पण आता कुणी हात लावला तर मी ओरडत नाही.

तुम्ही विचाराल, त्या काकांचे काय झाले? त्यांनी माफी मागितलेली नाही. त्यांना अर्धांगवायूचा झटका आला, बोलणे गेले, आता मागू शकतील असेही नाही. पैसे परत आले नाहीत. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या मुलीचा फोन आला. तिचा मुलगा बारावी झाला होता, कुठल्या शाखेला घालावे हे तिला कुणाला तरी विचारायचे होते. घाबरत बोलत होती. आम्ही तासभर बोललो. फोन ठेवताना ती म्हणाली, “ताई, बाबांना सांगू का तुमच्याशी बोलले म्हणून?” मी म्हटले, “सांग. आणि पेटी अजून घरात असेल तर पोराला शिकव म्हणावं.” हे मी ठरवून म्हटले नव्हते. त्या रविवारी गाणे म्हणताना लक्षात आले की गाणे पुन्हा गोड लागते आहे.

मित्रांनो, काल यादी वाचली तेव्हा आपल्या तुकडीतले काही जण आले नसल्याचे कळले. काहींना रजा नव्हती, काही परदेशी आहेत. पण दोघा-तिघांनी “त्या शाळेचे नाव नको” असे उत्तर दिल्याचे संयोजकांनी मला सांगितले. त्यांच्या मनात काय आहे ते मला ठाऊक नाही. त्यांनी आम्हाला क्षमा करावी असे मी म्हणणार नाही. ते मागण्याचा हक्क येणे असणाऱ्याचा असतो, देणे असणाऱ्याचा नाही. पण आपल्यातल्या कुणाला एखादे टोपणनाव, एखादी थट्टा, एखादा प्रसंग आठवत असेल, तर त्यांचा नंबर संयोजकांकडे आहे. ग्रुपवर नको, थेट फोन करा. समजावू नका, कारणे देऊ नका. आधी त्यांचा हिशेब पूर्ण ऐकून घ्या.

आणि ज्यांचे कुणाकडे येणे आहे, त्यांना एवढेच सांगते. ते खरे आहे, लहान नाही. ते लिहून काढा. तुमचा ज्याच्यावर विश्वास आहे त्याच्यापुढे तो कागद ठेवा. माझा विश्वास कुणावर आहे ते मी सांगितले.